पिंग जातोय, साहेब!

कंपनीचं नेटवर्क अडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पिंग जातोय, साहेब!" बोलणारा मुलगा आयटी विभागातला. त्याच्यासमोरच्या काळ्या खिडकीत ओळीमागून ओळ उतरत असते आणि एकही चुकत नाही. त्याच्या लेखी लाइन धडधाकट आहे आणि विषय संपला आहे. अकाउंट्समधल्या बाईंचा विषय मात्र संपलेला नसतो. बँकेची साइट अर्ध्या तासापासून नुसती गोल फिरते आहे आणि पगाराची फाइल आजच चढवायची आहे. "अरे, पण उघडत नाहीये." "मॅडम, पिंग जातोय ना!" नुसत्या पिंगने पगार कसा वाटायचा, हे मॅडमना कुणी सांगत नाही.

गंमत अशी, की दोघंही खरं बोलत असतात.

विंडोजचा पिंग सोबत ३२ बाइटांचा मजकूर नेतो. वरचे दोन हेडर धरून त्याचं वजन भरतं ६० बाइट. लिनक्सचा पिंग जरा खाऊनपिऊन सुखी, ८४ बाइटांचा. इथरनेटच्या तारेवर एका पॅकेटला मुभा असते १५०० बाइटांची; या मर्यादेला एमटीयू म्हणतात. म्हणजे रस्त्याची परीक्षा घ्यायला जे पाठवलं जातं, ते अंगाने सगळ्यात किरकोळ पॅकेट. ते पार झालं की रस्ता मोकळा असल्याचं जाहीर होतं. पिंग लिहिणाऱ्या माइक म्यूस यांचा यात दोष नाही. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतल्या या गृहस्थांनी डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी हा हजारेक ओळींचा प्रोग्राम लिहिला, तो पलीकडचं यंत्र जिवंत आहे का एवढंच विचारायला. जिवंत असणं आणि कामाचं असणं यांत फरक आहे, हे ऑफिसात वेगळं समजावून सांगावं लागू नये.

लहान पॅकेटं पोचतात आणि मोठी वाटेत हरवतात, या दुखण्याची लक्षणं एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. चार ओळींची मेल जाते. पीडीएफ जोडलेली मेल आउटबॉक्समध्ये मुक्काम ठोकते. सर्व्हरवर लॉगिन होतं, पण फाइल कॉपी करायला घेतली की शून्य टक्क्यावर थिजते. ब्राउझर 'कनेक्टेड' म्हणतो आणि मग मौनात जातो. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलच्या अधिकृत माहितीपानात हीच लक्षणं नोंदवलेली आहेत. त्याच जागी, ज्या इंटरनेट कंपन्या आणि सर्व्हरवाले हे दुखणं ओढवून आणतात, त्यांच्या बिनडोकपणाला लेखकाने चक्क गुन्ह्याच्या पंक्तीला बसवलं आहे. तांत्रिक कागदपत्रं रुक्ष असतात असं म्हणणाऱ्यांनी ते पान उघडून बघावं.

सगळ्यांत जास्त छळ होतो तो यूट्यूब चालू असल्याने. क्रोम आणि गूगलच्या साइट यांचं बोलणं बहुधा क्विक नावाच्या नव्या पद्धतीने होतं. मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून तिचे नियम पक्के झाले. ती रस्त्याकडून १२०० बाइटांची अपेक्षा धरून निघते आणि मोठं पॅकेट झेपतंय का ते चाचपूनच आकार वाढवते. बँकेची साइट असते जुन्या टीसीपीवर. ब्राउझरचा पहिला नमस्कार पूर्वापार आटोपशीर, तो पोचतो. उत्तरादाखल बँकेचा सर्व्हर आपली प्रमाणपत्रं पाठवतो. ती काही हजार बाइटांची, म्हणून काठोकाठ भरलेल्या पॅकेटांतून निघतात आणि वाटेत नाहीशी होतात. त्यामुळे केबिनमध्ये क्रिकेटचे हायलाइट्स बघणारे साहेब आणि बाहेर बँकेच्या पानासमोर बसलेल्या बाई एकाच लाइनवर असतात, आणि साहेब मनापासून म्हणतात, "नेट तर मस्त चाललंय."

मुळात १५०० हा आकडा काही निसर्गनियम नाही. इथरनेट जन्मलं १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात, बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या हातून. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून १९८० मध्ये त्याचं मानक जाहीर केलं, त्यात हा आकडा आहे. तेव्हा सगळ्यांची यंत्रं एकाच जाड केबलवर टांगलेली असत. सेकंदाला १० मेगाबिटच्या वेगाने सगळ्यांत मोठी फ्रेम जायला १.२ मिलिसेकंद लागत आणि तेवढा वेळ बाकीचे ताटकळत. शिवाय कार्डावरची मेमरी महाग होती. म्हणून १५००. आज ४०० गिगाबिटचं इथरनेट मिळतं, म्हणजे वेग चाळीस हजार पट झाला. आकडा जागचा हलला नाही. डेटा सेंटरच्या चार भिंतींत ९००० बाइटांच्या जंबो फ्रेम फिरतात, पण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा १५००.

आकडे ठरवण्याचा विषय निघालाच आहे, तर एटीएमचा किस्साही सांगायला हवा. पैसे काढायचं नव्हे. डीएसएलच्या पोटात असायचं ते. १९८० च्या दशकात त्याच्या सेलमध्ये किती बाइट असावेत यावर वाद झाला. युरोपीय म्हणत ३२, अमेरिकी म्हणत ६४. दोन्ही आकडे संगणकाच्या आवडीचे, दोनच्या घातांत चपखल बसणारे. तडजोड झाली ४८ वर, वर ५ बाइटांचं हेडर, एकूण ५३. मूळ संख्या! तिला कशानेच भाग जात नाही. समितीने दोन्ही पक्षांना सारखंच नाराज केलं आणि सभा संपली.

तर १५०० ची खोली सगळ्यांना मान्य आहे. भांडण होतं ते तिच्यात कोण कोण येऊन राहतं यावरून.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीसुद्धा लोकल केबलवाला फायबर देतो, तेव्हा राउटरमध्ये एक युजरनेम आणि पासवर्ड टाकून जातो. ती पीपीपीओई. १९९९ च्या आरएफसी २५१६ मध्ये तिचे नियम आहेत आणि प्रत्येक पॅकेटमागे ती ८ बाइट खाते. उरले १४९२. कोलंबस अमेरिकेला पोचला ते साल, म्हणून आकडा लक्षात राहतो. त्याच्याही वाटेत अनपेक्षित काहीतरी आडवं आलं होतं. त्यावर कंपनीचं व्हीपीएन चढतं. आयपीसेक असेल तर नवं आयपी हेडर २० बाइट, ईएसपीचं ८, कूटलेखनाच्या सुरुवातीचे १६, थोडं पॅडिंग, शेवटी शिक्कामोर्तबाचे १२ किंवा १६, आणि वाटेत नॅट असेल तर आणखी ८. साठ-सत्तर बाइट इथेच गेले. वायरगार्ड हे अलीकडचं व्हीपीएन शहाणपणाने आधीच १४२० वर बसतं. मार्च २०२० मध्ये हिंजवडीची ऑफिसं रातोरात साताऱ्या-सांगलीच्या माळ्यावर आणि कोकणातल्या पडवीत गेली, तेव्हा लॅपटॉप १५०० समजून चालत होता, केबलवाला १४९२ आणि व्हीपीएन त्याहून कमी. मीटिंगमध्ये आवाज येत होता, शेअर्ड ड्राइव्ह उघडत नव्हता. लोक मोबाइल घेऊन गच्चीवर जात होते.

एवढं मोठं पॅकेट अरुंद वाटेवर आलं तर काय करायचं, याचा विचार पूर्वजांनी केलेला नाही असं मुळीच नाही. पूर्वी राउटर त्याचे तुकडे करत. १९८७ मध्ये केंट आणि मोगल यांनी निबंध लिहून हे तुकडे करणं घातक असल्याचं सांगितलं: एक तुकडा हरवला की सगळं पुन्हा पाठवा. मग १९९० मध्ये मोगल आणि स्टीव्ह डिअरिंग यांनी आरएफसी ११९१ मध्ये सभ्य तोडगा दिला. पाठवणाऱ्याने पॅकेटवर 'तुकडे करू नका' अशी खूण करायची. तिला डीएफ बिट म्हणतात. ज्या राउटरला ते झेपणार नाही, त्याने ते टाकून द्यायचं, पण पाठवणाऱ्याला आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोप्याकरवी निरोप धाडायचा: मोठं आहे, माझ्याकडे अमुक इतकंच मावतं. टाइप ३, कोड ४. पाठवणारा आकार कमी करतो आणि पुन्हा पाठवतो. सगळी योजना या एका निरोपावर उभी आहे.

आणि इथे फायरवॉल येते.

१९९६ च्या सुमारास 'पिंग ऑफ डेथ' नावाचा प्रकार गाजला. आयपीच्या नियमाने पॅकेट ६५,५३५ बाइटांपेक्षा मोठं असू शकत नाही; पण तुकडे जोडल्यावर त्याहून मोठं होईल असा पिंग पाठवला की तेव्हाची बरीच यंत्रं आडवी व्हायची. कार्यप्रणाल्या लवकरच दुरुस्त झाल्या. धसका राहिला. पिंग आयसीएमपीवर चालतो, म्हणून आयसीएमपी वाईट, म्हणून सगळं आयसीएमपी बंद. हा नियम एका फायरवॉलवरून दुसरीवर, जुन्या इंजिनिअरकडून नव्याकडे, कॉपी-पेस्टने पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. 'का?' विचारलं तर 'सिक्युरिटी' हे उत्तर मिळतं, आणि त्या शब्दापुढे बोलायची आपल्याकडे पद्धत नाही.

रेल्वेच्या बोगद्याआधी रस्त्यावर उंचीची कमान असते. ट्रक तिला धडकतो, ड्रायव्हर खाली उतरून चार शब्द बोलतो आणि मागे फिरतो. टाइप ३, कोड ४ म्हणजे ती कमान. काही फायरवॉलवाल्यांनी ती कमान शत्रूला बोगद्याची उंची कळू नये म्हणून उतरवून ठेवली आहे.

परिणामाला तज्ज्ञ 'ब्लॅक होल' म्हणतात. २००० सालच्या आरएफसी २९२३ मध्ये त्याची रीतसर चर्चा आहे. पाठवणारा पाठवत राहतो, घेणारा वाट बघत राहतो, मधला टाकून देत राहतो आणि प्रत्येकाच्या लॉगमध्ये सारं काही आलबेल असतं.

मग कॉन्फरन्स कॉल लागतो. ब्रँच म्हणते, टनेल अप आहे. हेड ऑफिस म्हणतं, आमच्या लॉगमध्ये एकही ड्रॉप नाही. (नसणारच. ज्या नियमाने निरोप मारला, त्याचं लॉगिंग डिस्क भरते म्हणून बंद केलेलं आहे.) लाइन देणारी कंपनी म्हणते, आमच्या एण्डने सगळं ओके आहे, आणि तक्रार बंद करून सेवा कशी वाटली असा मेसेज पाठवते. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेला कुणीतरी खाकरतो आणि विचारतो, "मोठा पिंग मारून बघितला का?"

मोठा पिंग म्हणजे १४७२ चा, तुकडे न करण्याच्या खुणेसह. विंडोजवर 'मायनस एफ, मायनस एल', लिनक्सवर 'मायनस एम डू, मायनस एस'. १४७२ मध्ये आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ मिळवले की १५०० होतात. हे गणित तिसरीचं आहे, पण कॉलवर त्याने वीस मिनिटं जातात, कारण सिस्कोच्या राउटरवर पिंगचा आकार देताना हेडर धरूनच आकडा द्यायचा असतो. इकडचा म्हणतो १४७२ ला अडतंय, तिकडचा म्हणतो माझं १५०० ला अडतंय, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या प्रशिक्षणाविषयी शंका येते. त्यात जुनिपरवाला असला तर तो म्हणतो, "आमच्याकडे इंटरफेसचा एमटीयू १५१४ आहे." त्याने इथरनेटचे १४ धरलेले असतात. तिघंही एकच गोष्ट सांगत असतात.

या चाचणीत एक खोच आहे आणि ती कळलेला माणूस ओळखू येतो. पॅकेट मोठं आहे, तुकडे करावे लागतील असं उत्तर आलं, तर ते शुभवर्तमान समजावं: निरोप्या जिवंत आहे. उत्तरच आलं नाही, नुसता 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', तर ब्लॅक होल सापडलं. मग आकडा निम्म्या-निम्म्याने खाली-वर करायचा. १४०० जातो, १४३६ नाही, १४१८ नाही, १४०९ जातो, शेवटी १४१० जातो आणि १४११ अडतो. अधिक २८, म्हणजे वाट १४३८ ची. त्यातून टीसीपी आणि आयपी हेडरचे ४० वजा केले की एमएसएस, म्हणजे टीसीपीचा एका पॅकेटातला घास, १३९८. एवढं सगळं दहा मिनिटांत होतं. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी कुणीतरी "१३०० टाक, चालतं" असं सांगतो आणि ते खरोखर चालतं, त्यामुळे कुणी काही शिकत नाही. एका अतिउत्साही हाताने एमटीयूच १२०० केला तर आयपीव्ही६ त्या इंटरफेसवरून मुकाट निघून जातं, कारण त्याला १२८० पेक्षा कमी जागेत राहायची सवय नाही.

एमएसएस क्लॅम्पिंग हा फायरवॉलचा सगळ्यात उपयोगी लबाडपणा. जोडणीच्या पहिल्या पॅकेटात दोन्ही यंत्रं 'मी एवढा मोठा घास घेतो' असा आकडा सांगतात. मधली फायरवॉल तो वाचते आणि गुपचूप कमी करून पुढे देते. सिस्कोची एएसए फायरवॉल तर न विचारताच १३८० करते: ४० नेहमीच्या हेडरचे, ८० व्हीपीएनचे. मात्र ही लबाडी फक्त टीसीपीपुरती. बिनजोडणीच्या यूडीपीला एमएसएस माहीत नाही.

यूडीपीवरची मोठी फजिती, साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसने करून दाखवली आहे. १९८७ च्या नियमाने डीएनएसचं यूडीपीवरचं उत्तर ५१२ बाइटांच्या आत हवं. १९९९ मध्ये ती मर्यादा वाढवायची सोय झाली. सिस्कोच्या जुन्या फायरवॉलमध्ये मात्र ५१२ हीच मर्यादा ठाण मांडून होती. त्याहून मोठं उत्तर आलं की हल्ला समजून केराच्या टोपलीत. जुलै २०१० मध्ये डीएनएसच्या मूळ झोनवर डीएनएससेकच्या सह्या झाल्या, उत्तरं फुगली, आणि त्या वर्षी जगभरच्या प्रशासकांना आपापल्या फायरवॉलमधला हा आकडा शोधा असं बजावावं लागलं. पुढे १ ऑक्टोबर २०२० ला डीएनएसवाल्यांनीच तह केला: १२३२ बाइटांच्या वर जायचं नाही. आयपीव्ही६ चे किमान १२८०, वजा दोन हेडरचे ४८.

राउटरही आपसांत हेच करतात. ओएसपीएफ ही रस्ते शोधायची पद्धत चालवणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे एमटीयू जुळले नाहीत, तर हाय-हॅलो छान होतं, नावगाव विचारून होतं आणि मग दोघं 'एक्सस्टार्ट' या अवस्थेत अडकून बसतात. नवख्याला वाटतं केबल खराब आहे. तो केबल बदलतो. नवी केबलही खराब निघते.

मोठ्यांचीही सुटका नाही. क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीत एका पत्त्यामागे डझनावारी सर्व्हर असतात. पॅकेट ज्या सर्व्हरने पाठवलं, त्याच्याच हाती 'मोठं आहे' हा निरोप पडेल याची खात्री नाही. तो शेजारच्या सर्व्हरकडे जातो आणि शेजारी म्हणतो, मी तर काहीच पाठवलं नव्हतं. २०१५ मध्ये त्यांनी यावर काढलेला उपाय एकदम सरकारी आहे: आलेला निरोप सगळ्यांना वाटून टाकायचा, ज्याचा असेल तो घेईल.

आणि प्रकरण जुनं झालं, आता कोण त्रास काढतो असं वाटत असेल, तर एप्रिल २०२४ ची गोष्ट. क्रोमच्या १२४ व्या आवृत्तीने भविष्यातल्या क्वांटम संगणकांपासून बचाव म्हणून नव्या प्रकारची किल्ली डेस्कटॉपवर सरसकट वापरायला सुरुवात केली. तिचे १२१६ बाइट. त्यामुळे ब्राउझरचा तो आटोपशीर नमस्कार एका पॅकेटात मावेना, दोन झाली. नियमाने यात काहीच गैर नाही. पण कित्येक फायरवॉल आणि सर्व्हर असे निघाले, की नमस्कार एकाच पॅकेटात येतो असं गृहीत धरून लिहिलेले. त्यांनी अर्धा नमस्कार वाचला आणि जोडणी तोडली. क्वांटम संगणक यायचे तेव्हा येतील. त्यांच्या धास्तीने बंद पडलेल्या साइट मात्र लगेच दिसल्या.

उपाय उपलब्ध आहेत. २००७ च्या आरएफसी ४८२१ मध्ये निरोपाची वाट न बघता स्वतःच आकार चाचपत जायची पद्धत सांगितली आहे. लिनक्समध्ये ती आहे, पण मूळ सेटिंगमध्ये बंद असते. त्याच वर्षीच्या आरएफसी ४८९० ने आयपीव्ही६ च्या फायरवॉलवाल्यांना 'पॅकेट फार मोठं आहे' हा निरोप अडवू नका असं स्वच्छ सांगितलं, कारण आयपीव्ही६ चे राउटर तुकडे करतच नाहीत.

तेव्हा ज्यांच्या ताब्यात फायरवॉल आहे, त्यांनी नियमांची यादी उघडून आयसीएमपीची ओळ शोधावी. पिंग बंद ठेवायची हौस असेल तर खुशाल ठेवा, पण टाइप ३ कोड ४ आणि आयपीव्ही६ चा टाइप २ जाऊ द्या. व्हीपीएनवर एमएसएस क्लॅम्प लावा, कोणता आकडा का टाकला ते कॉमेंटमध्ये लिहा, आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करा. न केल्यास पुढच्या वेळी वीज जाऊन आली की आकडा पुन्हा १५०० झालेला असेल आणि त्या दिवशी तुम्ही रजेवर असाल.